बेअर शेवाच्या टेकडीवरून यरुशलाईमच्या आरशापर्यंत

सहल म्हटली की आपल्या लोकांच्या बसचे रस्ते ठरलेले असतात. तिबेरियास, मेरोन, राखेलची कबर, आणि हैफाला एलियाहू हनावीची गुहा. जाताना बसमध्ये गाणी, येताना उरलेल्या मलिद्याची वाटावाटी. गेल्या वर्षी पेसाखनंतर मात्र दिमोना आणि बेअर शेवा येथील आम्ही वीसेक वयस्कर मंडळींनी वेगळीच वाट धरली. आमच्यातल्या एका ताईंची नात आर्किटेक्चर शिकते. तिने सुचवले की आजी-आजोबांनी एकदा आधुनिक इमारती आणि आजच्या काळातील कलावंतांनी मोकळ्या जागेत उभारलेली कामे बघावीत. बेअर शेवा, तेल अवीव, यरुशलाईम, दोन दिवस. पहिला आक्षेप तत्काळ आला. "बसला पैसे देऊन शिकून बघायला कोण जातं? शिकूनमध्ये तर आयुष्य गेलं!"

आक्षेप खरा होता. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

आपल्यापैकी बहुतेकांची आलिया पन्नास आणि साठच्या दशकांतली. मुंबईतली चाळ, नाहीतर कोकणातले कौलारू घर सोडून आपण आलो ते या देशाच्या बांधकामाच्या ऐन भरात. दिमोना १९५५ साली वसले. बेअर शेवाचे मोठे इस्पितळ १९५९ साली सुरू झाले, विद्यापीठ १९६९ साली. माणसे रोज येत होती आणि त्यांना छप्पर हवे होते. लाकूड नाही, लोखंड महाग, कुशल गवंडी थोडे. सिमेंट मात्र देशात तयार होत होते आणि वाळूला तोटा नव्हता. म्हणून काँक्रीट ओतायचे आणि फळ्या काढल्या की तसेच ठेवायचे. वर गिलावा नाही, रंग नाही. इथे त्याला 'बेतोन हासूफ', म्हणजे उघडे काँक्रीट, म्हणतात. आम्हाला तेव्हा वाटायचे की पैसे संपले म्हणून काम अर्धवट सोडले आहे. नात म्हणाली, गरज तर होतीच, पण तो त्या काळचा विचारही होता. भिंत ज्याची आहे तेच तिने दाखवावे, असे ते आर्किटेक्ट मानत. आमच्यातले एक काका साठच्या दशकात बांधकामावर होते. ते म्हणाले, "विचार त्यांचा, घमेली आमची."

बेअर शेवातल्या हेय वस्तीत ती प्रसिद्ध लांब इमारत आहे, 'रेवा हाकिलोमेतर'. म्हणजे पाव किलोमीटर. अडीचशे मीटर लांबीची ही एकच इमारत अव्राहाम यास्की आणि अम्नोन अलेक्झांद्रोनी यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला उभी केली. तिच्या आसपास नाहुम झोलोतोव आणि दानियेल हावकिन यांनी आखलेली बैठी घरे आहेत. एकाला एक चिकटलेली, प्रत्येकाला आतल्या आत अंगण, आणि मधून अरुंद बोळ. आर्किटेक्ट लोक या रचनेला 'गालिचा' म्हणतात, कारण वरून पाहिले तर घरे जमिनीवर अंथरल्यासारखी दिसतात. त्याआधी वाळवंटात युरोपसारखी सुटी सुटी घरे आणि मधे बागेसाठी मोकळी जागा सोडत. त्या जागेत बाग काही झाली नाही; धूळ मात्र झाली. म्हणून इथे घरे जवळ आणली, की एका घराची सावली दुसऱ्याच्या दारात पडावी.

बोळातून चालताना आमच्यातल्या एक मावशी एका फाटकापाशी थांबल्या. इथे त्यांचे दीर-जाऊ राहत होते. नात सांगत होती की परदेशातून विद्यार्थी ही वस्ती बघायला येतात. मावशी ऐकत होत्या, पण बघत होत्या कोपऱ्याकडे. मुंबईहून पार्सलाने आलेले पोहे त्या अंगणात निवडायचे. एलियाहू हनावीच्या मलिद्याला दुसरे कुठलेच धान्य चालत नसे. शेजारी मोरोक्कोचे आणि रुमानियाचे. मच्छीच्या कालवणाचा वास गेला की तिन्ही घरांची मुले याच अंगणात. या वस्तीवर लिहिणाऱ्यांनी अंगणाची मापे दिली असतील, सावलीचे कोनही काढले असतील. पोह्यांची नोंद कोणी केली असेल असे आम्हाला वाटत नाही.

तिथून बस शहराबाहेर ईशान्येच्या टेकडीवर गेली. तेथे नेगेव ब्रिगेडचे स्मारक आहे. बेअर शेवाचे लोक त्याला नुसते 'आंदार्ता' म्हणतात. आम्ही सर्वांनीच ते लांबून हजारदा पाहिले आहे. मुलांना घेऊन शब्बाथच्या दुपारी तिथे गेलेलेही पुष्कळ आहेत, पण ते चढायला-उतरायला. हे काय आहे, असे आम्ही कधी विचारले नव्हते.

दानी कारावान या कलावंताने १९६३ ते १९६८ या काळात ते उभारले. १९४८ च्या युद्धात पडलेल्या पाल्माखच्या नेगेव ब्रिगेडच्या ३२४ सैनिकांची ती आठवण आहे. पण तिथे घोड्यावर बसलेला सेनापती नाही, बंदूक उगारलेला शिपाई नाही. एकही माणूस नाही. उघड्या काँक्रीटचे अठरा आकार टेकडीवर पसरले आहेत. वीस मीटर उंचीचा एक बुरूज आहे. लढाईच्या दिवसांत किबुत्झमध्ये पाण्याचे आणि पहाऱ्याचे मनोरे असत, त्यांची ती खूण. आणि गोळ्यांनी चाळण झाल्यासारखी त्याला भोके आहेत. एक लांब बोगदा आहे, तो म्हणजे पाण्याची नळवाट. नेगेवमधल्या एकाकी वसाहतींना पाणी नळातून जाई आणि तो नळ राखण्यासाठी ही तरुण पोरे लढली. एक घुमट आहे, मधोमध चिरलेला. भिंतींवर पडलेल्यांची नावे, त्यांच्या रोजनिशीतले उतारे, पवित्र शास्त्रातली वचने कोरली आहेत. दुपारी वारा सुटला तेव्हा बुरुजाच्या भोकांतून घूं घूं आवाज येऊ लागला. तोही कलावंताने योजलेला आहे. सिमेंट, ऊन, वारा, पाणी, वाळवंटातली बाभळीच्या जातीची झाडे, हे सगळे मिळून ते काम. जगात अशा प्रकारच्या कलेला नाव आणि प्रतिष्ठा मिळाली ती त्यानंतर; म्हणजे या बाबतीत बेअर शेवा बऱ्याच शहरांच्या पुढे होते, हे आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

बोगद्यातून आत जायचे. आमच्यातल्या ज्यांचे गुडघे साथ देत होते ते गेले. बाहेर आल्यावर एक आजी म्हणाल्या, "हा तर टापा आहे."

तरुण वाचकांसाठी सांगायला हवे. अलिबागजवळ खंडाळे नावाचे गाव आहे (घाटातले खंडाळा नव्हे). तेथे एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हनावी स्वर्गात गेले तेव्हा त्यांच्या रथाची चाके आणि घोड्यांच्या टापा तिथे उमटल्या, अशी आपल्या वाडवडिलांची श्रद्धा. तोच एलियाहू हनावीचा टापा. नवस फेडायला आपली माणसे तिथे जात आणि अजून जातात. तिथे मूर्ती नाही, कारण आपल्यात मूर्ती नाही. खडक आहे, खूण आहे, वरून ऊन-पाऊस आहे, आणि सांगणारा माणूस आहे. सांगणारा नसेल तर तो नुसता दगड.

आजींच्या या एका वाक्याने आमची पुढची सहल सोपी केली. तोपर्यंत जो तो विचारत होता, "याचा अर्थ काय?" त्यानंतर विचारू लागला, "इथे काय घडलं होतं?" आमच्या मते या प्रकारच्या कामांपुढे उभे राहून विचारायचा प्रश्न हाच आहे. काही कामे त्या प्रश्नाला उत्तर देतात, काही गप्प बसतात. गप्प बसणारीही आम्ही पाहिली. त्यांची नावे कशाला लिहा.

दुपारी विद्यापीठाच्या आवारात जेवणाचे डबे उघडले आणि संध्याकाळी तेल अवीवला पोचलो. तेल अवीवबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथल्या पांढऱ्या इमारतींबद्दल पुष्कळ लिहिले जाते. तीसच्या दशकात जर्मनीतून आणि युरोपातून शिकून आलेल्या आर्किटेक्टांनी बांधलेल्या या घरांमुळे युनेस्कोने २००३ साली शहराच्या मधल्या भागाला जागतिक वारसा ठरवले. गोल वळणाचे कोपरे, लांब गॅलऱ्या, खिडक्यांवर छज्जे. आमच्यातल्या मुंबईकरांना त्यात नवे काही वाटले नाही. "हे तर मरीन ड्राइव्ह!" आणि ते चूक नव्हते. काळ तोच, सिमेंट तेच, समुद्राची हवा घ्यायची हौस तीच. मुंबईच्या त्या इमारतींनाही २०१८ साली युनेस्कोचा तोच मान मिळाला आहे.

पण मुंबई आणि तेल अवीव यांच्यातला खरा दुवा एका माणसाचा आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे विद्वान. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. १९२४ पर्यंत ते तिथे होते. त्याआधी हिंदुस्थानातल्या कितीतरी शहरांत पायी हिंडून त्यांनी अहवाल लिहिले होते. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, विहिरी आणि झाडे सांभाळा, राहणाऱ्यांना विचारा, हा त्यांचा आग्रह. मुंबई सोडल्यावर, १९२५ साली, त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला. घरांच्या मधोमध छोट्या बागा ठेवलेले ते रस्ते आजही तसेच आहेत. आपल्या आजोबांच्या मुंबईत शिकवलेला माणूस आपल्या नातवंडांच्या तेल अवीवचे रस्ते आखून गेला, हे बसमध्ये कोणालाच माहीत नव्हते. आम्हालाही नव्हते.

दिझेंगॉफ चौकात याकोव आगाम यांचे 'अग्नी आणि पाणी' हे कारंजे आहे. १९८६ साली ते बसवले तेव्हापासून तेल अवीवचे लोक त्याच्यावरून भांडत आहेत. चौक १९७८ साली रस्त्याच्या वर उचलला होता, तो २०१८ मध्ये पुन्हा खाली आणला. आमच्यातही लगेच दोन तट पडले. स्त्रियांना रंग आवडले, पुरुषांना खर्च. दुसऱ्या दिवशी सकाळी वुल्फसन पार्कमधला 'किकार लेवाना' पाहिला. तोही कारावान यांचाच. त्यांचे वडील याच शहराच्या बागा आखणारे होते. पांढऱ्या काँक्रीटच्या आकारांत एक ऑलिव्हचे झाड आहे. उन्हात डोळे दिपले म्हणून तिथे फार थांबलो नाही.

यरुशलाईमच्या चढावर बस लागली तशी मंडळी गप्प झाली. आमच्यातल्या दोघांना या रस्त्याने १९६४ चा उन्हाळा आठवतो. ते तेव्हा लहान होते आणि आईवडिलांबरोबर आले होते. आपल्या मुलांची लग्ने इतर यहुद्यांशी लावताना आपल्या पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश धार्मिक अधिकाऱ्यांनी काढले होते. त्याविरुद्ध आपले लोक देशभरातून गोळा झाले आणि यरुशलाईममध्ये धरणे धरून बसले. बायका, तान्ही मुले, सगळे. ऑगस्ट महिन्यात क्नेसेतचे खास अधिवेशन भरले आणि बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत काही भेद नाही, असे जाहीर झाले. त्या दोघांपैकी एक म्हणाले, "आम्हाला ठरावाचं काही कळलं नव्हतं. आई रडली म्हणून आम्ही रडलो."

तेव्हाचे क्नेसेत आजच्या इमारतीत नव्हते. किंग जॉर्ज रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत भरत असे. आजची इमारत १९६६ साली उघडली. तिच्या सभागृहात, सभापतींच्या मागे, दगडाची मोठी कोरीव भिंत आहे. रोज टीव्हीवर दिसते, पण ती कोणाची हे किती जणांना ठाऊक आहे? तीही दानी कारावान यांची. म्हणजे बेअर शेवाच्या टेकडीवर काँक्रीट ओतले जात होते त्याच वर्षांत तो माणूस इथे ही भिंत घडवत होता, आणि त्याच वर्षांत आपली माणसे रस्त्यावर बसली होती. संसदेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. दिल्लीच्या संसद भवनाची अ‍ॅनेक्सी, जिचे उद्घाटन १९७५ साली झाले, तिचा आराखडा जे. एम. बेंजामिन यांचा. ते भारत सरकारच्या बांधकाम खात्याचे मुख्य आर्किटेक्ट होते, आणि आपल्या समाजातले. नातीने हे नाव कधी ऐकले नव्हते. तिने वहीत लिहून घेतले.

इस्रायल म्युझियम १९६५ सालचे. डोंगरावर चौकोनी दालने एकाशेजारी एक अशी मांडली आहेत की दुरून गाव वाटावे. त्याच्या आवारात ग्रंथमंदिर आहे, जिथे मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्या ठेवल्या आहेत. फ्रेडरिक किस्लर आणि आर्मंड बार्टोस यांचे ते काम. वर दिसतो तो फक्त पांढरा घुमट. बाकी सगळे जमिनीखाली. त्यावर पाण्याचे फवारे उडतात आणि समोर काळी भिंत उभी आहे. गुंडाळ्या ज्या मातीच्या रांजणांत सापडल्या त्यांच्या झाकणाचा हा आकार, असे सांगितल्यावर कोकणातल्या आज्यांना ते चटकन पटले.

आत कोचीनच्या कडवुंभागम सिनेगॉगचा अंतर्भाग आणून जसाच्या तसा बसवला आहे. त्याचे कोरीव लाकडी छत बघताना मान दुखते, पण खाली बघवत नाही. याच म्युझियममध्ये १९९५ साली भारतातल्या तीन यहुदी समाजांवर मोठे प्रदर्शन भरले होते. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा हिरवी साडी आणि चुडा घालून आल्या होत्या.

आणि मग आम्ही आवाराच्या वरच्या टोकाला, त्या आरशापाशी पोचलो.

अनिश कपूर यांचे ते काम २०१० सालचे. पॉलिश केलेल्या पोलादाचे, पाच मीटर उंच, वाळूच्या घड्याळासारखे वर-खाली रुंद आणि मध्ये बारीक. त्यात बघितले की जमीन वर जाते आणि आकाश खाली येते. नावही तसेच आहे: जगाला उलटे करणे. कपूर यांचा जन्म मुंबईचा, १९५४ सालचा. वडील पंजाबी, आई बगदादी यहुदी घराण्यातली, आणि आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये हझान होते. १९७१ साली ते आपल्यासारखेच या देशात आले, किबुत्झमध्ये राहिले, इंजिनिअरिंग शिकू लागले आणि ते सोडून चित्रकार व्हायचे ठरवले. पुढे लंडनला गेले आणि जगभर नाव झाले. त्यांची सुरुवातीची कामे म्हणजे शुद्ध रंगाच्या पुडीचे लहान-मोठे ढीग. भारतात देवळाबाहेर हळद-कुंकवाच्या दुकानात दिसतात ना, तसे.

पुण्याचे नाव निघताच लाल देवळाचा विषय निघाला आणि तिथेच वादाला तोंड फुटले. हा माणूस आपला म्हणायचा का? काही म्हणाले, का नाही, मुंबईचा आहे. एका काकांनी मात्र मान हलवली. त्यांना जुनी गोष्ट आठवत होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मुंबईत १८३६ साली बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला होता की दफनभूमीत त्यांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घालावी. रंगूनला सिनेगॉगमधल्या हक्कांवरून प्रकरण शंभर वर्षांनी कोर्टापर्यंत गेले आणि निकाल आपल्या बाजूने लागला. मेलेल्यांमध्येसुद्धा भिंत मागणाऱ्यांच्या नातवाचे कौतुक आपण का करावे, असा काकांचा मुद्दा. दुसरीकडून उत्तर आले की त्याच बगदाद्यांच्या शाळेत आपली कितीतरी मुले शिकली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आम्हाला विचाराल तर नातवाला आजोबांच्या अर्जाचा जाब विचारू नये. पण अर्ज झाला होता हे विसरूही नये.

वाद चालू असताना आम्ही सगळे त्या आरशात उलटे दिसत होतो. साड्या, टोप्या, काठ्या, चाकांची खुर्ची, सगळे आकाशात लोंबकळत. काका तिकडे बघून म्हणाले, "यात बगदादी कोण आणि बेने इस्रायल कोण, काही कळत नाही." त्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुमचं टक्कल तेवढं उलटंही ओळखू येतं." मग फोटो काढायचा ठरला. नातीने चारदा काढला, कारण हलू नका म्हटले की कोणीतरी हलायचेच.

परतीच्या बसमध्ये तिने वही काढली आणि पाव किलोमीटरच्या इमारतीत व आसपासच्या अंगणांच्या घरांत आपल्यापैकी कोण कुठे राहत होते ते विचारू लागली. तिला शाळेसाठी निबंध लिहायचा आहे. लेहाविम येईपर्यंत चौदा कुटुंबे लिहून झाली. कोणते दार, कोणता जिना, कोणाकडे पहिला फ्रिज आला आणि त्यात किती घरांचे दूध राहत असे. दोन दारांबद्दल मतभेद आहेत. ते मिटलेले नाहीत.

वाचकांपैकी जे साठ आणि सत्तरच्या दशकांत बेअर शेवा, दिमोना, येरुहाम किंवा लोदच्या शिकूनमध्ये राहिले असतील, त्यांच्याजवळ त्या घरांचे, अंगणांचे, जिन्यातल्या मुलांचे फोटो असल्यास कृपया या अंकाच्या कार्यालयाकडे पाठवावेत. मागे नाव, साल आणि दार लिहावे. फोटोची प्रत काढून मूळ फोटो आठ दिवसांत परत केला जाईल. बांधकामावर ज्यांनी काम केले त्यांनी कोणती भिंत आपली ते जरूर कळवावे.